मंगळावरचं मिठागर

पगार घेऊन सिनेमे बघायची माझी नोकरी होती. आधीच सांगून टाकते, कारण लपवून उपयोग नाही. सासूबाईंनी ही बातमी भाईंदरपासून रत्नागिरीपर्यंत केव्हाच पोचवलेली आहे. "सूनबाई काय करतात?" असं कुणी विचारलं की त्या शांतपणे सांगायच्या, "सिनेमे बघते. सकाळी डबा घेऊन जाते, संध्याकाळी बघून येते." आवाजात तक्रार नसायची. पण घरातला एखादा मुलगा अजून कामाधंद्याला लागलेला नाही, हे ज्या सुरात सांगतात तो सूर असायचा.

आमची व्हीसीडी काढायची कंपनी होती, मिरा रोडच्या हाटकेशला, एका गाळ्यात. एका बाजूला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा कारखाना, दुसऱ्या बाजूला फरसाणवाला. त्यामुळे पडद्यावर काहीही चाललेलं असो, मागून घरघर आणि पुढून तळणीचा वास. नायिका नवऱ्याच्या उशाशी बसून हंबरडा फोडायची आणि मला गाठिया खावासा वाटायचा.

आता व्हीसीडी म्हणजे काय, हे नातवंडांना सांगावं लागतं. गोल चकती, तिच्यावर सिनेमा. पण अख्खा सिनेमा एका चकतीत मावायचा नाही, म्हणून पाकिटात दोन असायच्या. पहिली संपली की घरातल्या कुणीतरी उठायचं, मशीनमधली चकती काढायची आणि दुसरी घालायची. कोण उठणार यावरून घराघरांत भांडणं व्हायची आणि नेहमी बाईच उठायची. आमच्याकडेही मीच उठायचे, आणि मी तर त्यातली अधिकारी होते!

माझ्या पदाचं नाव क्वालिटी चेकिंग. छपाईला जाण्याआधी सिनेमा शेवटपर्यंत तपासायचा. माझी पद्धत अशी होती की पहिल्यांदा आवाज बंद करून नुसतं चित्र बघायचं. चौकोन पडतायत का, कडेला रेघ येतेय का, मध्येच काळोख होतोय का. मग डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचा. यातून दोष झकास सापडायचे. गोष्ट मात्र कधीच कळायची नाही. शेकडो सिनेमे मी पाहिले आणि त्यातल्या एकाचाही शेवट मला सांगता येणार नाही. लग्नकार्यात लोक कौतुकाने विचारायचे, "अमका सिनेमा कसा आहे हो?" मी सांगायचे, "स्वच्छ आहे."

पाकिटावर आमचा पत्ता छापलेला असायचा, त्यामुळे गिऱ्हाइकं थेट गाळ्यावर यायची. भाईंदर पश्चिमेचे एक निवृत्त गृहस्थ आले होते. त्यांच्या पाकिटात दोन्ही चकत्या दोन नंबरच्याच होत्या. तक्रार करायला आले असतील म्हणून मी चहा मागवला. ते म्हणाले, "तसं नाही. आधी शेवट दाखवलाय, मग परत तोच शेवट दाखवलाय. मला आवडलं. आजकाल असे प्रयोग करतात. पण मिसेस म्हणाल्या, एकदा विचारून या." एक बाई हीरो मरतो म्हणून चकती बदलून मागायला आल्या. म्हणे, नणंदेच्या घरच्या सीडीत तो जगलाय. नणंद बहुधा कुकर लावायला मध्येच उठली होती. मी त्यांना दुसरं पाकीट दिलं. बाई परत आल्या नाहीत, तेव्हा त्यात हीरो जगला असावा.

पण सांगायचंय ते दुसरंच.

आमचे शेठ जुन्या सिनेमांचे हक्क गठ्ठ्याने घ्यायचे, भाजी घेताना कोथिंबीर मागावी तसे चार सिनेमे वरून मागून घ्यायचे. अशाच एका गठ्ठ्यात 'मंगळावर बिऱ्हाड' आला. सिनेमा ऐंशीच्या दशकातला. चाळीतलं कुटुंब, जागा पुरत नाही, सरकार मंगळावर जागा देतं, आणि सासू, स्टोव्ह, पिंप घेऊन मंडळी रॉकेटने निघतात. उतरल्यावर नायिका चहूकडे बघते आणि पहिलं वाक्य बोलते, "इथे पाणी किती वाजता येतं?"

थिएटरात या वाक्याला लोक इतके हसले म्हणे, की पुढची पाच मिनिटं कुणाला ऐकूच आली नाहीत. सिनेमा आठवड्यात उतरला. मग तो व्हिडिओ लायब्ऱ्यांतून, कॉलेजच्या हॉस्टेलांतून फिरत राहिला. पोरांना पाठ झाला. ती पोरं मोठी होऊन कॉम्प्युटरवर बसायला लागली आणि तिथे या सिनेमावर हिरिरीने लिहायला लागली. आमच्या शेठना पत्रं आली, व्हीसीडी काढा म्हणून. आणि मिरा-भाईंदरच्या माणसाला तर हा सिनेमा समजावून सांगायची गरजच नव्हती. जागा नाही म्हणून मुंबई सोडून आम्ही इथे आलो, तेव्हा मीसुद्धा पहिल्यांदा तेच विचारलं होतं.

दिग्दर्शक दिघेसर भाईंदरच्या जेसल पार्कलाच राहायचे. आयुष्यात एकच सिनेमा केला. पुढे दंतमंजनाच्या आणि बियाण्यांच्या जाहिराती करून दिवस काढले. गाळ्यावर आले तेव्हा माझ्याशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य, "बाई, हा विनोदी सिनेमा नाही."

"नाही ना," मी म्हटलं. मी पाहिलाच नव्हता.

"पाणी कधी येतं, हे विचारताना ती बाई रडायच्या बेतात आहे. कुणी बघितलंच नाही तिच्याकडे." मग जरा थांबून म्हणाले, "आता लोक घरात बसून बघतील. एकदा नीट बघू देत. हसायचं तर हसू देत, पण नीट बघून."

एवढं एकच मागणं होतं त्यांचं. आणि आम्ही त्याची पार वाट लावली.

झालं असं. सिनेमाची जुनी प्रिंट डब्यांतून येते. ती मशीनवर लावून टेपवर उतरवायची आणि मग रंग नीट करायचे. हे रंगाचं काम फ्रान्सिस करायचा. जवळच्या उत्तन गावचा, हात सोन्याचा. "प्रिंट म्हातारी झाली ना, की लाल पडते," तो सांगायचा. "बाकीचे रंग मरतात, लाल तेवढा मागे राहतो." तो लाल हटवून आतले रंग वर काढणं ही त्याची खासियत. मेलेलं आभाळ निळं करून द्यायचा. 'मंगळावर बिऱ्हाड' तर नखशिखांत लाल पडला होता. फ्रान्सिसने कंबर कसली आणि डब्यामागून डबा धुऊन काढला.

त्यात मंगळही धुतला गेला.

दिघेसरांनी मंगळाचे प्रसंग कॅमेऱ्यावर लाल कागद लावून घेतले होते. तो लाल म्हातारपणाचा नव्हता, मुद्दाम आणलेला होता. पण मंगळ लाल असतो, हे कुणाला सांगावं लागेल असं त्यांना वाटलंच नाही. फ्रान्सिस गोष्ट बघत नव्हता, नुसता रंग बघत होता. सर शेवटी पास करायला आले तेव्हा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डोळ्यांवर काळाकुट्ट चष्मा. ते खुर्चीत बसून ओठांनी सगळे संवाद म्हणत राहिले आणि "फारच छान" म्हणून गेले.

राहता राहिले मी, क्वालिटी चेकिंग. माझ्या पद्धतीप्रमाणे मी आवाज बंद करून चित्र पाहिलं. रॉकेट उडालं, उतरलं, आणि समोर आमची भाईंदरची मिठागरं! पांढरे ढीग, मधले बांध, लांबवर खाडी, विजेचे खांबसुद्धा. काचेसारखं लख्ख. मला वाटलं, या लोकांना मंगळाची जाहिरात दाखवून भाईंदरला आणून सोडलंय, अशी काहीतरी गोष्ट असणार. आमच्या बिल्डरनेही तेच केलं होतं, त्यामुळे मला ते अजिबात खटकलं नाही. चौकोन नाहीत, रेघ नाही. मी ओके दिला.

प्रकाशनाचा समारंभ जेसल पार्कच्या एका छोट्या हॉलमध्ये ठेवला होता. टेबलावर टीव्ही. कॉम्प्युटरवर सिनेमाबद्दल लिहिणारी, चष्मेवाली, ढगळ टी-शर्टातली हौशी मंडळी मुंबईहून आलेली. सर नवा चष्मा लावून पहिल्या रांगेत. इतक्या वर्षांनी ते आपला सिनेमा स्पष्ट बघणार होते.

रॉकेट उतरलं. दार उघडलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, ही तर आपली मिठागरं! तो बघ खांब!"

त्यानंतरचा हशा मी विसरू शकत नाही. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. नायिकेचं पाण्याचं वाक्य तर कुणाला ऐकूही आलं नाही. सर उठले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "बाई, माझा मंगळ कुठे गेला?"

मला तर त्या क्षणीच कळलं होतं की तो मंगळ होता.

दुसऱ्या दिवशी शेठनी आम्हाला उभं केलं. "सुनंदाबेन, तुम्ही भाईंदरला राहता, फ्रान्सिस उत्तनला राहतो, आणि दोघांना मंगळ कळत नाय?" हौशी मंडळींचे फोन चालू होते. त्यांना लाल मंगळ हवा होता. शेठनी ठरवलं, बाजारातला माल परत घ्यायचा, लाल करून नवा काढायचा. फ्रान्सिस मान खाली घालून म्हणाला, "आयुष्यभर लाल काढला, आता घालायला शिकतो."

काम सुरू झालं आणि त्याच आठवड्यात चांगुणाबाई आल्या. भाईंदरच्याच गोडदेव गावच्या. सत्तरीला टेकलेल्या, काटक, सोबत मोठा मुलगा. मी म्हटलं, आली तक्रार. पण बाईंनी पिशवीतून आमचं पाकीट काढलं, दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "यो लावा. मी दावते."

लावला. मंगळ आला, म्हणजे मिठागर आलं. पुढे रॉकेटवाले गंभीर चेहऱ्याने बोलतायत आणि त्यांच्यामागे, बऱ्यापैकी जवळ, एक उंच सडसडीत माणूस लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने मीठ ओढतोय. चेहरा स्वच्छ दिसतो. मध्येच तो घाम पुसतो.

"यो माजा मानूस," चांगुणाबाई म्हणाल्या.

मुलगा सांगू लागला. शूटिंगवाल्यांनी मिठागरातल्या कामगारांनाच मंगळावरची माणसं म्हणून उभं केलं होतं. त्यात त्याचे वडील होते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. गावात बातमी पसरली, आपलं मिठागर सिनेमात आलंय, म्हणून याने सीडी आणली. "आईनं बघितलं नि जेवायची थांबली. आता आमी ऐकलं, तुमी परत लाल करताय."

"लाल करू नका," चांगुणाबाई म्हणाल्या. "लाल केला का तो दिसायचा न्हाय. त्याचा फोटू न्हाय आमच्याकरं. मतदानाच्या कार्डाव हाय, पन तो कुनाचाबी वाटतो."

मतदानाच्या कार्डावर मीसुद्धा कुणाचीही वाटते, त्यामुळे मला हे चटकन पटलं. पण ठरवणार मी कोण? मी सरांना फोन करून बोलावून घेतलं.

सर आले, त्यांनी तो तुकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "बाई, या शॉटची मला वीस वर्षं लाज वाटतेय," ते चांगुणाबाईंना म्हणाले. "जेवणाची सुट्टी झाली होती. आम्ही तेवढ्यात एक शॉट उरकून घेतला आणि मागे हा माणूस आपल्या कामाला लागलेला. मंगळावर मीठ कोण ओढतं? लाल कागदामुळे झाकलं गेलं, म्हणून ठेवला. आता तर सगळ्यांना माहीत झालंय. लाल करूनही शोधतील आणि हसतील. मी फ्रान्सिसला सांगणारच होतो, तेवढा शॉट काढूनच टाक."

"काढनार?" चांगुणाबाईंनी मुलाकडे पाहिलं. आधी नुसता झाकणार होते, आता पुसणार. मला फार वाईट वाटलं. सरांबद्दलही वाटलं. ते दुष्ट नव्हते, एकदाच कुणी आपल्याला हसू नये एवढंच त्यांना हवं होतं.

"तुमचं दुःख मला कळतं," सर म्हणाले, "पण हा मंगळ आहे हो."

"मंगल आसल तुमचा. पन तो हितंच मेला," चांगुणाबाई म्हणाल्या.

शेजारी फरसाणवाल्याकडे झारा वाजत होता. आणि अशा वेळी माझ्यासारखी बाई जे करते तेच मी केलं, म्हणजे आपलं क्षुल्लक खातं पुढे केलं.

पहिली चकती संपली की पडद्यावर पाटी यायची, 'कृपया दुसरी डिस्क लावा'. ही पाटी माझी. अख्ख्या कंपनीत माझ्या हातची निर्मिती म्हणावी अशी एवढीच. अक्षरं मी निवडायचे, मागचं चित्रही मी निवडायचे. वर्षानुवर्षं प्रत्येक सिनेमाला मी गुलाबाची फुलं टाकत आले होते. खुनाच्या सिनेमालासुद्धा.

"सर," मी म्हटलं, "सिनेमातून काढा. पण तो तुकडा, नुसते मागे मीठ ओढणारे हे, पाटीमागे टाकूया? न लाल करता. पाटी सिनेमात धरत नाहीत."

सर माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे सिनेमाच्या आत नाही?"

"आत नाही. बाहेरही नाही. मध्ये."

"किती वेळ चालते ती पाटी?"

"कुणी उठेपर्यंत. आमच्याकडे मी उठेपर्यंत."

फ्रान्सिस मध्येच म्हणाला, "पुढचे लोक कापून टाकतो मी. फक्त तो राहील. तुकडा छोटा आहे, पण परत परत जोडतो. ओढतच राहील."

सरांनी पडद्यावरचा तो माणूस पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, "गुलाब कशाला टाकत होता हो इतकी वर्षं?" आणि चांगुणाबाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "यांचं नाव काय होतं?"

चांगुणाबाईंनी पदर तोंडाशी धरला. त्यांच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि सिनेमावाल्यांसमोर तर नाहीच नाही. मुलगाच म्हणाला, "बाळाराम."

"मी विचारलंच नव्हतं तेव्हा," सर म्हणाले. "नावांच्या यादीत सगळ्यांना मिळून 'मिठागरातील कामगार' लिहिलं होतं." त्यांनी स्वतः सांगून पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत घालायला लावलं, 'मिठागरात: बाळाराम'.

नवा माल निघाला. यावेळी तपासताना मी आवाज चालू ठेवून, डोळे उघडे ठेवून सिनेमा पाहिला. नोकरीच्या नियमाविरुद्ध होतं, पण मंगळ आता माझ्या ओळखीचा झाला होता. पाण्याचं वाक्य आलं. ती बाई खरंच रडायच्या बेतात होती.

त्याच हॉलमध्ये पुन्हा खेळ ठेवला. हौशी मंडळी आली, गोडदेवहून अर्धं गाव आलं. चांगुणाबाई नवं लुगडं नेसून दुसऱ्या रांगेत, अगदी सरांच्या मागे. दार उघडलं आणि मंगळ लालभडक आला. टाळ्या पडल्या. पाण्याच्या वाक्याला लोक हसले, पण या वेळी हसता हसता मध्येच कमी झाले. सर ताठ बसून होते. त्यांच्या मानेवरून मला कळत होतं की त्यांना बरं वाटतंय.

पहिली चकती संपली. लाल गेला आणि भर दुपारचं ऊन पडद्यावर आलं. पांढरं मीठ, बांध, खाडी आणि तो एकटा माणूस. फावडं पुढे टाकायचा, ओढायचा. तोच तुकडा पुन्हापुन्हा जोडलेला असल्यामुळे ढीग काही वाढत नव्हता. फ्रान्सिस दुसरी चकती घेऊन मशीनपाशी गेला.

"अरं, फडका कुठं टाकला?" चांगुणाबाई मोठ्याने म्हणाल्या. पडद्याकडे बघून, अगदी घरात बोलावं तसं. "उनाचा बोडका काय उबा?"

कुणी हसलं नाही. सर मागे वळले.

"मीच काढायला लावला होता, चांगुणाबाई. डोक्याचा फडका. मंगळावर तो शोभत नव्हता."

"मंगलाव न्हाय शोभत," त्या म्हणाल्या. नजर पडद्यावरून हलली नाही. "मिठाव ऊन लय लागतं."

सरही पुढे वळून पडद्याकडे बघत राहिले. फ्रान्सिस हातात चकती घेऊन तसाच उभा होता. मागच्या रांगेतला टी-शर्टवाला एक मुलगा अधीर झाला. "काका, पुढची लावा ना."

सर मान न वळवता म्हणाले, "थांबा जरा. माणूस काम करतोय."